बिब्ब्यातलं सूत

बोल्ट सहाच होते. पण बुधवारचं ऊन निंबाच्या बुडाशी येऊन टेकलं तरी त्यातला एकही जागचा हलला नव्हता. श्रावणच्या उजव्या हाताची चार बोटं मात्र सोलून निघाली होती. पाना घसरला की हात सरळ चाकाच्या तुंब्यावर आपटायचा. तो शिवी द्यायचा, बोट तोंडात घालायचा, ग्रीस आणि रक्त एकदमच थुंकायचा आणि पुन्हा पाना लावायचा. जोर जास्त लागावा म्हणून पान्याच्या दांड्यावर त्याने विहिरीवरचा हातभर पाईप चढवला होता. जोर लागला. पाईप वाकला.

शेजारी बारदानावर एक्सल पडला होता. मागच्या उजव्या चाकाला फिरवणारा लोखंडी दांडा. नवा म्हणायचा, पण होता जुनाच. काल श्रावणने तो नागपूरच्या भंगारबाजारातून आणला होता, खांद्यावर, दोन कंडक्टरांची बोलणी खाऊन. आधीचा सोमवारी गिरडच्या चढावर कट्‌ करून तुटला. इंजिन घुरघुरत राहिलं आणि गाडी वांग्याच्या पाट्यांसकट मागे सरकायला लागली. जीप लढाईच्या वेळची, लष्करी डिस्पोजलची. तिला पुढच्या चाकांवर ओढता आलं असतं, पण ती पुढची दांडी थोरल्या भावाने, ताराचंदने, पेट्रोल वाचवायला केव्हाच काढून टाकली होती. शेवटी नत्थूजीचे बैल जुंपून गाडी घरी आणली. याच जीपसाठी ताराचंदने घरची बैलजोडी विकली होती हे गावाला चांगलं आठवत होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून लोक तो जुलूस पाहत होते.

"श्रावन, बैलायले हॉर्न देजो बाप्पा!" सदाशिवराव ओट्यावरून ओरडला होता. माणूस वाईट नव्हता, पण गंमत केल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे.

हे सगळं सोसलं असतं. खरी टांगती तलवार होती ती उद्याची. कालव्याच्या कामावर दोनशे मजुरांचा कँप पडला होता, नऊ मैलांवर, आणि त्याच्या खानावळीला दोन वर्षं भाजी जात होती ती या मळ्यातून. रोज सकाळी सातच्या आत. त्या एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर दोन्ही एकर वांगी, टमाटे, भेंडी लावलेली होती. काल मंगळवारी श्रावणने पाट्या एस्टीच्या टपावर टाकून नेल्या. पोचायला दहा वाजले. खानावळीचे वासुदेवराव तेव्हा दारातच उभे होते.

"दोनशे मानसं नुसत्या वरनावर जेवून कामाले गेली, श्रावन. शिव्या मी खाल्ल्या."

"एक्सल तुटला जी. मी का मुद्दाम केलं?"

"तुहा एक्सल मी शिजवू का? उद्या बुधवार, कँप बंद हाये. परवा सातच्या आत माल पाह्यजे. नाई आला तर समुद्रपूरचा टेम्पो लावतो. मंग मले बोल नोको लावजो."

एवढं बोलून ते आत गेले होते. आज बुधवार होता आणि बोल्ट हलत नव्हते.

निंबाखाली बाजेवर ताराचंद पडला होता. माघात त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. सहा फूट माणूस, एकटा जीव, बायको कधीचीच वारलेली. त्याचं सगळं मन त्या जीपमध्ये. ती त्याने पुलगावच्या लिलावातून आणली, स्वतः खोलली, स्वतः जोडली. श्रावणला फक्त चालवायला शिकवलं, पान्याला हात लावू दिला नाही. "तू मातीतला मानूस, मातीत राय," असं म्हणायचा. आता तो सकाळपासून डावा हात उचलून "आं... आं..." करत होता. बाज करकरत होती.

"दादा, चूप राय ना जरा!" श्रावण खेकसला. "इथं माह्या जिवाची लागून राह्यली, आन तू!"

ताराचंदचा हात खाली आला.

स्वयंपाकघराच्या दारात चतुराबाई उभी होती, श्रावणची बायको. ताराचंद तिचा भासरा, थोरला दीर. वीस वर्षांत ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. तशी रीतच. झटका आल्यापासून ती त्याला घास भरवायची, तोंड पुसायची, कूस बदलायची, पण पदर कपाळाच्या खाली ओढून आणि मुकाट्याने. काही सांगायचंच झालं तर ती बकरीला सांगायची, भिंतीला सांगायची.

"भुकेचं मानूस कावत असते," ती आता बकरीकडे पाहून म्हणाली. "त्याचं कोनी मनावर घेऊ नये."

रॉकेल ओतून झालं. बोल्टांवर रॉकेलची चिंधी बांधून तासभर वाट पाहून झाली. मग श्रावण गावातल्या गुलाबला बोलवायला गेला. गुलाब नांगराचे फाळ शेवटायचा, तापवून ठोकून त्यांना धार लावायचा. छन्नी आणि घन घेऊनच आला. त्याने खाली बसून, डोळा बारीक करून पाहिलं.

"हे कोनं बसवले बे? गंजले म्हनाव तं गंज नाई. मंग येत काऊन नाई?"

त्याने एका बोल्टाच्या कडेला छन्नी लावली आणि घन घातला. दहा घाव, वीस घाव. मुरगाळल्यासारखा बोल्ट केसभर फिरला आणि पुन्हा अडला. गुलाबने घाम पुसला, छन्नीची मोडलेली धार अंगठ्यावर फिरवून पाहिली आणि उठला.

"माह्यानं नाई होत. हिंगनघाटले ने."

"कशात नेऊ?"

गुलाब घन खांद्यावर टाकून गेला.

श्रावण तिथेच मातीत बसला. बोल्टाच्या डोक्याखाली, जिथे केसभर फट पडली होती, तिथे काहीतरी काळं दिसत होतं. त्याने नखाने टोकरलं. डांबरासारखं कडक. नखात एक तंतू अडकला. ओढला तसा तो लांबत आला. सूत होतं. कच्च्या कापसाचं, हाताने वळलेलं, काळंकुट्ट. त्याने ते नाकाशी नेलं आणि लगेच हात लांब केला.

बिब्बा.

मग सगळं आठवलं. बारा वर्षांपूर्वी गिरडच्या दर्ग्याच्या उरुसाला ताराचंद जीपमधून माणसं नेत होता. त्या खडकाळ रस्त्याच्या हादऱ्यांनी याच चाकाचे बोल्ट एकेक करून ढिले झाले, उतारावर दांडा बाहेर आला आणि सात माणसं दरीत जाता जाता राहिली. त्या रात्री ताराचंद जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नवे बोल्ट आणले, घरच्या कापसाचं सूत वळलं, बिब्ब्याच्या तेलात बुडवून प्रत्येक बोल्टाच्या आट्यांवर आवळून गुंडाळलं आणि मग बोल्ट बसवले. बैलगाडीच्या वंगणात, बिब्ब्यात, सुतात हयात गेलेला माणूस. जीपलाही त्याने गाडीचीच दवा केली. वर हसून म्हणाला होता, "आता कोनाच्या बापाच्यानं सुटत नाई. मी मेल्यावरच सुटन."

श्रावणने मान वर करून बाजेकडे पाहिलं. ताराचंद त्या सुताकडे पाहत होता. त्याच्या धडक्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळून कानात चाललं होतं. सकाळपासून माणूस हेच सांगत होता. आपण त्याला चूप राहा म्हटलं. श्रावणला इतकी लाज वाटली की त्याच्याने भावाकडे पाहवेना.

"बिब्बा हाये," तो चतुराबाईला म्हणाला. "सुतात भिजोलेला."

ती जवळ येऊन वाकली. बिब्ब्याचं बायकांना पुरुषांपेक्षा जास्त कळतं. बाळंतिणीच्या खोलीत तो त्यांच्याच हाताने फुलवला जातो.

"मंग पान्यानं काय होते? बिब्ब्याले इस्तव दाखवा, तवाच तो पाघळन." आणि लगेच तिचा आवाज बदलला. "पन तुमाले तं उतते ना तो!"

उतायचा खरा. दहा वर्षांचा असताना श्रावण बिब्ब्याच्या झाडाखाली नुसता झोपला होता तर तोंड सुजून भोपळा झालं, आठ दिवस डोळे मिटलेले. तेव्हापासून तो त्या झाडाला वळसा घालून जायचा.

"मले करू द्या," चतुराबाई म्हणाली.

"पाना आवरन का तुले? दोघं मिळून करू. तू कांब धर, पाना मी मारतो."

तिने अंगणातच गोवऱ्या रचून आर केला. त्यात विहिरीवरची लोखंडी कांब खुपसली. श्रावणच्या तोंडाला, मानेला, हातांना तिळाचं तेल चोपडलं, नाकावर ओला पंचा बांधला. कांब लाल झाली की ती चिमट्याने धरून आणायची आणि बोल्टाच्या डोक्यावर दाबून धरायची. आधी ग्रीस करपल्याचा वास यायचा. मग बोल्टाच्या बुडातून चर्र करून काळा थेंब फुटायचा आणि पांढरट धूर निघायचा. त्या धुरातच पाना लावावा लागे. थंड झालं की बिब्बा पुन्हा घट्ट. त्यामुळे तोंड बाजूला घेऊन चालत नव्हतं. श्रावण श्वास रोखून वाकायचा, दात आवळायचा, आणि पाईपला लोंबकळायचा.

पहिला बोल्ट ओरडत सुटला. खरंच ओरडला; ताराचंदने बाजेवर मान उचलली.

"सुटला! दादा, सुटला!" श्रावण पंच्याआडून ओरडला. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण त्या क्षणी त्याला नाचावंसं वाटलं.

पाच बोल्ट निघायला उन्हं कलली. चतुराबाईच्या बोटांना चटके बसून पांढरे डाग पडले होते. श्रावणच्या मनगटावर काळे शिंतोडे उडाले होते आणि ते आत्तापासूनच चुणचुणत होते. सहावा बोल्ट मात्र आगीलाही बधला नाही. चार वेळा कांब लावली. पाचव्या वेळी श्रावणने अंगातलं सगळं बळ घातलं आणि बोल्टाचं डोकं तुटून पान्यासकट त्याच्या हातात आलं. बूड आतच राहिलं.

"राहू दे मसनात," तो म्हणाला. "पाचावर चालन."

तुटका एक्सल ओढला तर निम्माच बाहेर आला. आतला तुकडा तारेचा फास करून काढायला आणखी तास गेला. दुसरा दांडा सरकवला, फिरवून फिरवून आत बसवला. पाचही बोल्ट आवळले. दिवस बुडायच्या आत जीप अंगणात पुढे-मागे फिरवून पाहिली. चाकाने ओढ घेतली. ताराचंद डाव्या हाताने बाजेची कड बडवत होता आणि अर्ध्या तोंडाने हसत होता. चतुराबाईने त्या दिवशी त्याला भाकरीबरोबर गूळ कुस्करून दिला. नंतर दोघं नवराबायको मळ्यात उतरली आणि अंधार पडेपर्यंत वांगी तोडत राहिली. श्रावण मधूनमधून बाहीने तोंड घासत होता.

"खाजवू नोका," ती म्हणाली.

"मी नाई खाजवून राह्यलो. घाम येऊन राह्यला."

गुरुवारी पहाटे कोंबडा आरवला आणि श्रावणला वाटलं, अजून काळोखच आहे. त्याने डोळ्यांवर हात नेला. डोळ्यांच्या जागी दोन ताणलेले, गरम, ओलसर गोळे हाताला लागले. पापण्या कुठे संपतात तेच कळेना. कान दुप्पट झाले होते. हातांवर द्राक्षांसारखे फोड आले होते आणि मूठ वळत नव्हती.

"चतुरा!"

ती कंदील घेऊन धावत आली आणि दारातच थबकली. पावलं थांबलेली ऐकूनच त्याला सगळं समजलं.

"किती वाजले?"

"उजाडून राह्यलं. पाट्या भरल्या मीनं."

गावात गाडी चालवता येणारा तिसरा माणूस एकच, एस्टीचा बंडूजी. आणि तो ड्यूटीवर आर्वीला. चतुराबाईने पदर खोचला. नत्थूजीच्या दारात जाऊन त्याची शेणखताची बैलबंडी मागितली. तो कुरकुरला, मग म्हणाला, "नेजो, पन बैलायले पानी दाखवजो." पाट्या तिने एकटीने उचलल्या, बंडीत घातल्या आणि कासरा हातात घेऊन निघाली. नऊ मैल. सातच्या आत बैल तीन मैलही जाणार नाहीत हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

"वासुदेवरावच्या पाया पडजो," श्रावण म्हणाला. "माहं तोंड पाहाले या म्हन त्यायले."

बंडीची चाकं खडखडत गेली. श्रावण अंगणात चाचपडत जीपपाशी आला आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. काय चुकलं आपलं? बिब्बा उततो हे माहीत होतं. उद्या गाडीही आपल्यालाच चालवायची आहे, हे मात्र बोल्टांच्या नादात एकदाही डोक्यात आलं नाही. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण तोंडाला हात लावायची सोय नव्हती.

सहा वाजून गेले असतील. समुद्रपूरच्या बाजूने एक इंजिन आलं. आवाज ओळखीचा नव्हता. टेम्पो गावातून न थांबता गेला, गिरडच्या दिशेने, कँपच्या दिशेने. ओझ्याने त्याचे पाटे कुरकुरत होते. सातही वाजले नव्हते आणि वासुदेवरावांनी टेम्पो सांगूनही ठेवला होता.

बाजेवरून "आं! आं!" सुरू झालं.

श्रावण आवाजाच्या रोखाने गेला. पायाला बाज लागली. ताराचंदच्या डाव्या हाताने त्याचं धोतर धरलं आणि हिसका दिला, जीपकडे. पुन्हा हिसका.

"मले दिसत नाई, दादा."

त्या हाताने त्याचं मनगट पकडलं आणि ते ताराचंदच्या डोळ्यांवर नेऊन ठेवलं. पापण्या श्रावणच्या हातावरच्या फोडांखाली फडफडल्या. मला दिसतं, असं तो सांगत होता.

एरवी श्रावणने हे वेडेपण केलं नसतं. पण टेम्पोचा आवाज अजून त्याच्या कानात होता. त्याने भावाला पाठीवर घेतलं. सहा फुटांचा माणूस पोत्यासारखा लोंबत होता आणि मेलेला पाय मातीत रेघ ओढत होता. त्या अमेरिकन जीपचं स्टेअरिंग डाव्या बाजूला. उजव्या सीटवर त्याने ताराचंदला बसवलं, पंच्याने सीटला बांधलं, आणि स्वतः स्टेअरिंगवर बसला. ताराचंदचा धडका हात त्याच्या खांद्यावर आला.

"डावीकडे घ्याचं तं एक थाप मार. उजवीकडे तं दोन. थांबाचं तं कान धर."

इंजिन सुरू झालं. फोडांनी भरलेल्या हाताने गिअर टाकताना तो कळवळला, दोन फोड फुटले आणि दांडा ओला झाला. गाडी हलली. एक थाप. त्याने डावीकडे घेतलं. दोन थापा. उजवीकडे. दहा पावलं, पंधरा पावलं, चाकांखाली फाटकाची उंच जागा आली, आणि श्रावणला वाटलं, जाऊ, नऊ मैल असेच जाऊ. मग थाप पडली, एक की दोन कळलं नाही. खांद्यावर नुसताच भार आला, कानाशी "आं" झालं, आणि गाडी फाटकाच्या खांबावर धडकून बंद पडली.

लोक धावत आले. सदाशिवराव सगळ्यांत आधी आला.

"काय करून राह्यला रे? दोघंही मरान ना!" आज त्याच्या आवाजात गंमत नव्हती. तेच श्रावणला जास्त लागलं.

"कोनाले लागलं का?"

"कोनाले नाई. उतर बाप्पा. उतरव त्याले."

पण ताराचंद उतरेना. धक्का बसताना त्याचा हात खांद्यावरून सुटून स्टेअरिंगवर गेला होता, आणि तिथेच आवळला होता. सदाशिवरावाने ओढून पाहिलं. नत्थूजीने ओढून पाहिलं. श्रावणने चाचपडत ती बोटं हुडकली आणि एकेक उकलायचा प्रयत्न केला. एक वर उचललं की दुसरं घट्ट होत होतं. स्वतःचीच कातडी सोलत होती, त्या बोटांना काही होत नव्हतं.

"राहू द्या," शेवटी तो म्हणाला. "राहू द्या त्याले."

लोक हळूहळू पांगले. दोघं भाऊ फाटकात, खांबाला नाक लावून उभ्या असलेल्या जीपमध्ये बसून राहिले. ऊन चढलं. थोड्या वेळाने तोच टेम्पो रिकामा, खळखळ वाजत, समुद्रपूरकडे परत गेला. श्रावणने त्याच्याकडे मानही वळवली नाही.

बंडीची खडखड त्याने लांबूनच ओळखली. इतक्या लवकर परत आली म्हणजे कँपपर्यंत गेलीच नव्हती. बैल थांबले. चतुराबाईची पावलं जीपपाशी आली आणि थांबली.

"टेम्पोवाला भेटला वाटेत," ती म्हणाली. "वासुदेवरावनं सांगून धाडलं. उद्यापासून येऊ नका म्हने."

"पाट्या?"

"हायेत बंडीत."

पाट्यांवर झाकलेल्या ओल्या बारदानाचा आंबूस वास येत होता. मग श्रावणला बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या, जीपच्या पलीकडच्या बाजूला, ताराचंदच्या बाजूला. श्रावणचा हात अजून भावाच्या बोटांवरच होता.

"उतरा आता, भासरेबुवा," चतुराबाई म्हणाली. बकरीला नाही, भिंतीला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलत होती. "आपल्याले कुठीच जाचं नाई."

श्रावणच्या हाताखाली ती बोटं एकेक करून सैल झाली.